टँकरच्या फळ्यावरची माहिती

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात ही गोष्ट आमच्या गावात पहिल्यांदा जाहीर झाली ती अर्धा किलो शेंगदाण्यांमुळं. माझ्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, किराणा दुकान होतं. शेंगदाणे बांधायला त्यांनी रद्दीतला कागद ओढला, सवयीप्रमाणं आधी वाचला, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "तीन तीन काळजं!"

"कुणाला?"

"ऑक्टोपसला."

"कोन्च्या गावचा?"

"समुद्रातला प्राणी हाय. आठ पाय, तीन काळजं, आन् रगत निळं."

गिऱ्हाईक म्हणजे आमच्या दुकानासमोर राहणारे एक शेतकरी. नात्यानं कुणी नव्हते, पण मी त्यांना मामा म्हणायची. मामांनी क्षणभर विचार केला. "आप्पा," ते म्हणाले, "शेंगदाणे बांधा. बैलं उन्हात उभी हायत."

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडं. तेव्हा शिरूर तालुका व्हायचं होतं, लातूर जिल्हा व्हायचं होतं आणि आम्हाला कुठलंही सरकारी काम असलं की उस्मानाबादची वाट धरावी लागायची. दुकानाला लागणारी रद्दी मात्र लातूरहून यायची. तिच्यात सोलापूरची मराठी वर्तमानपत्रं असायची, हैदराबादची उर्दू असायची, कधी कानडीही. आप्पा तिन्ही वाचायचे. त्यांची शाळा निजामाच्या काळातली, म्हणून उर्दू पक्कं होतं. कानडी घरात होतं. आणि मराठी गिऱ्हाइकांसाठी लागायचंच. पुडी बांधायच्या आधी कागद वाचायचा हा त्यांचा नियम होता. काही चमत्कारिक सापडलं की तेवढा कोपरा ते फाडून घ्यायचे आणि गल्ल्याच्या वर टांगलेल्या तारेत ओवायचे. त्यामुळं आमच्याकडच्या पुड्यांना बऱ्याचदा एक कोपरा कमी असायचा आणि साखर सांडायची. त्यावरून आई रोज बोलायची आणि आप्पा रोज ऐकून घ्यायचे.

एक गोष्ट मी त्यांच्या बाजूनं शपथेवर सांगीन. त्यांनी पदरचं कधी काही घातलं नाही. एकदा कागदावर लिहिलं होतं, "जगातला सर्वांत लहान देश इतका लहान आहे की", आणि तिथंच कागद संपला होता. आप्पांनी ते जसंच्या तसं सांगितलं. लोक विचारायचे, "की काय?" आप्पा म्हणायचे, "पुढचं कुणाच्या तरी गुळाला गेलं." दुसऱ्या एखाद्यानं मोकळी जागा भरून काढली असती. आप्पांनी ती बारा वर्षं मोकळी ठेवली.

पण विश्वास कुणीही ठेवला नाही. जिराफाच्या मानेत माणसाइतकीच, म्हणजे सातच हाडं असतात, हे सांगितलं तर लोक हसले. जगात एक लढाई अशी झाली की ती पाऊण तासातच संपली, असं सांगितलं तर मामा म्हणाले, "आमच्या बांधाची तीन पिढ्या चालूच हाय." मध हजारो वर्षं नासत नाही म्हटल्यावर एक बाई आमच्याच दुकानातली मधाची बाटली घेऊन आली आणि वास घ्या म्हणाली. लांबच्या मुलुखात मेलेल्या माणसाची पेटी डोंगराच्या कड्याला टांगून ठेवतात, ही बातमी तर सगळ्यात वाया गेली. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. "मग त्यात काय इशेष," लोक म्हणाले, "कुणी टांगतंय, कुणी बसवतंय."

आप्पांना गावानं बंडलआप्पा म्हणायला सुरुवात केली. गळ्यातल्या लिंगाला हात लावून ते सांगायचे, "आगा, छापून आलंय!" त्यांना हे नाव लागायचं. हसून घालवायचे, पण लागायचं. दुकान बंद करताना फळ्या लावता लावता ते एकदा मला म्हणाले, "बाई, सोनं दे म्हणत न्हाई. एकदा कुणीतरी म्हणावं, हाव आप्पा, खरं हाय. बस."

मी म्हणाले, "मी म्हणते की."

"तू लेक हायस," ते म्हणाले. "तुझं धरत न्हाईत."

घरातलीही माणसं धरत नव्हतीच. आप्पांची थोरली बहीण देगलूरला दिलेली, तिला सगळे अक्का म्हणायचे. तिथं तीन भाषांची खिचडी; अक्का रागावली की कानडीत जायची. माहेरी आली की उंबऱ्यातूनच विचारायची, "काय रे, आज काय नवीन?" आप्पा सांगायचे. ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "सुळ्ळ!" म्हणजे खोटं. लहानपणापासून तिनं त्यांना दुसरा शब्द दिला नव्हता.

लातूर जिल्हा होणार हेसुद्धा गावात पहिल्यांदा आप्पांनीच सांगितलं. पावशेर चहापत्तीच्या कागदावर होतं. लोक म्हणाले, जिल्हे काय शेंगा हायत का, पेरल्या आन् उगवल्या. पुढं जिल्हा झाला. रेडिओनं सांगितलं, गावात पेढे वाटले, पेढे आमच्याच दुकानातल्या कागदात बांधून गेले. आप्पा दिवसभर दुकानात वाट पाहत बसले होते की कुणीतरी म्हणेल. संध्याकाळी मामा आले. "आप्पा, कळलं का, जिल्हा झाला!" ते म्हणाले. "रेडिओवर सांगितलं."

आप्पांनी त्यांना तंबाखूची पुडी दिली.

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. डी.एड.च्या यादीत नाव यायची वाट पाहत होते. राज्यात सव्वीस जिल्हे असं मी शाळेत घोकलं होतं, आणि दोनच वर्षांत ते तीस झाले. घोकलेलं सगळं असं वाया गेलं. शाळेतल्या नकाशावर गुरुजींनी पेन्सिलीनं लातूरची हद्द काढली, आणि आमचं गाव नेमकं त्या रेघेखाली आलं.

मग पाऊस गेला. एक वर्ष अर्धा झाला, पुढच्या वर्षी तेवढाही नाही. आडात उतरलेला माणूस कोरड्या पायांनी वर यायला लागला तेव्हा टँकर सुरू झाला. टँकर दिवसाआड यायचा, पण कधी येईल ते सांगता यायचं नाही. बाया सकाळपासून घागरी रांगेला लावायच्या, घागरींवरून भांडणं व्हायची, एकदा एकीचं डोकंही फुटलं. तेव्हा ग्रामसेवकांनी ठरवलं की वेळ फळ्यावर लिहायची.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं, 'शासकीय सूचना'. ग्रामसेवकांचं अक्षर असं की त्यांचं त्यांनाही लागत नसे. माझं अक्षर चांगलं, आणि यादीत नाव न आल्यामुळं मी अजून रिकामीच. त्यांनी मला खडूचा डबा दिला. वेळ कळली की ते दुकानात निरोप ठेवायचे, मी जाऊन लिहायची: 'टँकर : दुपारी दोन.' बाकी फळा मोकळा.

तो मोकळा फळा मला बघवेना. बाया तीन-तीन तास त्याच्याकडं तोंड करून बसायच्या. एक दिवस मी आप्पांच्या तारेवरून एक चिटोरं काढलं आणि टँकरच्या ओळीखाली लिहून टाकलं, 'जिराफाच्या मानेत माणसाइतकीच, म्हणजे सात हाडे असतात.' कुणाचं नाव घातलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मामा दुकानात आले. "आप्पा," ते म्हणाले, "तुम्हाला म्हाईत हाय का, जिराफाच्या मानंत सातच हाडं असत्यात."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी डाळ निवडत होते.

"हो का?" आप्पा म्हणाले.

"हाव. सरकारनं लिहिलंय."

त्या रात्री आप्पा जेवताना दोनदा आपल्याशीच हसले. मला वाटलं रागावतील, पण सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांनी तार खाली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "आज ऑक्टोपसचं लिही," ते म्हणाले.

तेव्हापासून आम्ही रोज सकाळी दोघं बसून एक चिटोरं निवडायचो. उर्दूतलं असलं तर ते मला मराठीत सांगायचे. मी फळ्यावर लिहायची, आणि दिवसभर गाव दुकानात येऊन आप्पांना त्यांचीच माहिती सांगायचं. आप्पा तोंड वासून ऐकायचे. "काय सांगता?" म्हणायचे. इतकं चांगलं सोंग त्यांना येत असेल असं मला वाटलं नव्हतं. ऑक्टोपसची तीन काळजं त्यांना सात जणांनी सांगितली. एका म्हातारीनं तर निळ्या रक्ताचं सांगताना डोळ्यांत पाणी आणलं. अमेरिकेच्या वाळवंटात एक उंदीर असतो, तो जन्मभर पाण्याचा थेंब पीत नाही, हे लिहिलं त्या दिवशी मात्र रांग जरा गप्प झाली. "त्याच उंदराला बघून आमचं पाणी मंजूर केलं आसंल," एक जण म्हणाली, आणि मग सगळ्या हसल्या. पण उंदीर खोटा असं कुणीही म्हटलं नाही.

ही सुखाची दोन महिन्यांची नोकरी होती, आणि ती मी माझ्या हातानं घालवली.

त्या दिवशीचं चिटोरं आप्पांनीच निवडलं होतं. त्यावर उर्दूत होतं, 'माणूस अन्नाशिवाय तीन आठवडे तग धरू शकतो. पाण्याशिवाय मात्र जेमतेम तीन दिवस.' ग्रामसेवक नव्या कचेरीत कामाला म्हणून लातूरला गेले होते, त्यामुळं टँकरच्या वेळेचा निरोप आला नव्हता. मी 'टँकर :' लिहून पुढं जागा सोडली. खडूचा एकच तुकडा उरला होता. सगळं वाक्य त्यात बसणार नाही असं वाटलं म्हणून मी अन्नाचं गाळलं, आठवडे गाळले, 'मात्र' आणि 'जेमतेम' गाळलं. उरलं ते असं: 'शासकीय सूचना. टँकर : . माणूस पाण्याशिवाय तीन दिवस जगू शकतो.'

मला त्यात काहीही वावगं दिसलं नाही. घरी येऊन मी भाकरी खाल्ली.

तासाभरात गाव फळ्यापुढं उभं होतं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ज्यांना येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. आता तीन दिवस टँकर येणार नाही, आणि तीन दिवस माणूस मरत नाही हे सरकारनं आधीच बघून ठेवलंय, असा त्याचा अर्थ सगळ्यांनी एकमतानं लावला. आमच्या गावात एकमत त्याआधी झालेलं मला आठवत नाही. "हिशोब पक्का लावलाय," मामा म्हणाले. "चौथ्या दिवशी मेलो तर आपली जबाबदारी."

आप्पांच्या कानावर हे आलं तेव्हा ते गूळ फोडत होते. तसेच उठले, टोपी न घालता. मी त्यांना तोवर बोडक्या डोक्यानं दुकानाबाहेर पाहिलं नव्हतं. हातात तारेवरचं मूळ चिटोरं घेऊन ते फळ्यापाशी गेले आणि ओट्यावर चढले.

"आगा, ही सूचना न्हाई!" ते ओरडले. "ही माझी माहिती हाय. दोन महिने झाले, सगळी माझीच हाय. टँकरचा आन् तिचा काई संबंध न्हाई!"

कुणीतरी मागून म्हणालं, "बंडल."

आप्पांनी चिटोरं उंच धरलं. "हे बघा, छापलेलं!"

"त्ये उर्दूत हाय," पुढचा म्हणाला. "त्यात काय लिवलंय, तुम्हालाच ठावं."

आप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "शपथ घेतो."

"आप्पा," मामा समजुतीनं म्हणाले, "लिंगाला हात लावून तुम्ही ऑक्टोपसचंबी सांगितलं व्हतं."

"मग त्ये खरं निघालं न्हवं का! फळ्यावर आलं!"

"फळ्यावर आलं म्हणून खरं निघालं," मामा म्हणाले. "तुम्ही सांगितलं म्हणून न्हवं. आता खाली उतरा, ऊन लागंल."

आप्पा खाली उतरले. मी पुढं होऊन सांगायला हवं होतं की लिहिलं मी, वाक्य कापलं मी. माझी जीभ उचलली नाही. पन्नाशी उलटली तरी मला त्याची लाज वाटते.

गाव कामाला लागलं. ज्यांच्याकडं गाडी-बैल होते त्यांनी पिंपं भरून नदीची वाट धरली. घरणीच्या कोरड्या पात्रात झिरे खोदले, वाटीवाटीनं पाणी गोळा केलं, फडक्यानं गाळलं आणि गावात आणलं. घरटी दोन घागरी वाटून झाल्या. आमच्या दारातही दोन आल्या, मामांनी आणून ठेवल्या. आप्पांनी त्यांना हात लावला नाही. "टँकर येणार हाय," ते म्हणाले, "दिवसाआडचा हाय, आज पाळी हाय." आणि रस्त्याकडं तोंड करून बसले.

टँकर आला नाही. त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मोठ्यानं हॉर्न वाजवत आला.

झालं होतं ते इतकंच. टँकरवाल्याच्या ठेक्याचा कागद संपला होता. नवा कागद नव्या जिल्ह्याच्या गावाला मिळणार होता. पण त्याची जन्माची सवय, तो निघाला तो थेट जुन्या जिल्ह्याला. तिथं गेल्यावर लोक हसले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तिथून परत, मग लातूर, मग सही, यात तीन दिवस गेले. टँकर तेवढे दिवस त्याच्या दारात उभा होता आणि त्याची पोरं त्याच्या सावलीत खेळत होती. त्याच टँकरवर असलेल्या शेजारच्या गावाचे मात्र फार हाल झाले. त्यांच्याकडं फळा नव्हता.

ग्रामसेवक आले, त्यांनी फळा वाचला आणि माझ्याकडून खडूचा डबा काढून घेतला. पण तोवर गावानं आपला निकाल लावला होता. ओट्यावर आप्पा स्वतः म्हणाले होते, ही माहिती माझी आहे. म्हणजे टँकर तीन दिवस येणार नाही हे आप्पांना आधीपासून माहीत होतं. मग नाही नाही का म्हणत होते? तर वरून तसा हुकूम असणार. माणूस सरकारच्या आतल्या गोटातला निघाला, आणि आपण त्याला बंडल म्हणत होतो.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणारा प्रत्येक जण आधी हात जोडायला लागला. बंडलआप्पा हे नाव एका रात्रीत गेलं. "आप्पा, पाऊस कधी?" "आप्पा, म्हैस ठेवू का विकू?" आप्पा म्हणायचे, मला काय ठाऊक. लोक एकमेकांकडं बघून मान डोलवायचे. सांगायची परवानगी नसेल.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला त्यांना बरं वाटलं. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते दारात चालून आलं होतं. ते ताठ बसायला लागले. तार पुन्हा गल्ल्यावर टांगली गेली. आता सांगितलेलं लोक ऐकतील, धरतील, "हाव आप्पा" म्हणतील, असं त्यांना वाटलं. आणि म्हणत होतेच.

मामांची मुलगी माझ्या वर्गातली. तिचं उदगीरला जमलं होतं. मुलगा चांगला होता, तिनं त्याला एकदाच पाहिलं होतं आणि मला चारदा सांगितलं होतं. साखरपुड्याची साखर घ्यायला मामा आले. आप्पांनी कागद ओढला, वाचला, आणि आनंदानं म्हणाले, "मामा, शुक्रावर एक दिवस एका वर्षापेक्षा मोठा असतो. म्हाईत हाय का?"

मामांचा हात थांबला. शुक्राचा अस्त असला की आमच्याकडं लग्नकार्य होत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "शुक्राचं काई बिघडलंय का, आप्पा?"

"बिघडलं काई न्हाई. तो स्वतःभोवती लई सावकाश फिरतो, बस."

"हाव आप्पा," मामा म्हणाले. "खरं हाय."

हे तेच चार शब्द होते, आप्पांनी फळ्या लावता लावता मागितलेले. साखर तशीच ठेवून मामा घरी गेले आणि उदगीरला निरोप धाडला की शुक्र सावकाश चाललाय, साखरपुडा पुढं ढकलावा. उदगीरचे लोक व्यापारी. त्यांना वाटलं, यांना दुसरं स्थळ मिळालेलं दिसतंय, आणि निमित्त तरी बरं काढायचं. त्यांनी उलट निरोप दिला की मग राहू द्या.

आप्पा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं उदगीरला गेले. मीही बरोबर होते. मुलाच्या बैठकीत बसून, चहाला हात न लावता, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मी बंडल मारतो हो. सगळ्या गावाला विचारा. माझ्या बोलण्यावर कुणी जाऊ नये. बंडलआप्पा म्हणत्यात मला."

मुलाचे वडील म्हणाले, "टँकरचं तीन दिवस आधी सांगणारे आप्पा ते तुम्हीच ना? इथवर नाव आलंय तुमचं. तुम्ही म्हणता ते खोटं कसं असंल?"

परत येताना एसटीत आप्पा खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी धरू दिला. घरी आल्यावर त्यांनी तार काढली, सगळी चिटोरी उपसून चुलीत घातली, आणि तार मोळीला बांधायला आईला देऊन टाकली. तेव्हापासून कानाला खडा. पुडी बांधायचा कागद ते छापलेली बाजू आत करून, न बघता ओढायचे. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, "मला काई ठाऊक न्हाई." मामांच्या मुलीचं दोन वर्षांनी अहमदपूरला लग्न झालं, ती तिथं चांगली नांदली, पण आप्पांनी तिच्यासमोर कधी मान वर केली नाही.

माझं नाव यादीत आलं. मी शिक्षिका झाले, नांदेडला संसार झाला. वर्गात मी पोरांना जिराफ सांगितला, ऑक्टोपस सांगितला. सुट्टीत घरी गेले की आप्पांना सांगून बघायची, की आज अमुक वाचलं. ते म्हणायचे, "हं." रद्दी गेली, पिशव्या आल्या, दुकान भावाकडं गेलं. तीस वर्षं उलटून वर काही वर्षं गेली आणि माझ्या वडिलांनी एकही नवलाची गोष्ट सांगितली नाही. साखर सांडायची थांबली. आई गेली त्याच्या आधी एकदा म्हणाली होती, सांडायची तेच बरं होतं.

मग परत तसाच दुष्काळ आला. ह्या वेळी लातूर शहरच कोरडं पडलं. आप्पा तेव्हा ऐंशीच्या पुढं, भावानं त्यांना उपचारासाठी लातूरला आणून ठेवलेलं. मी नांदेडहून गेले आणि अंथरुणाशी बसून म्हणाले, "आप्पा, लातूरला मिरजेहून पाणी येतंय. रेल्वेनं."

त्यांनी डोळे उघडले. "काय?"

"रेल्वेनं. अख्खी गाडीच्या गाडी पाण्याची."

"बंडल," आप्पा म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी भावाला रिक्षा आणायला सांगितलं. स्टेशनात आत सोडत नव्हते. आम्ही बाहेरच्या कठड्यापाशी उभे राहिलो. गाडी उभी होती, तांबड्या टाक्यांच्या वाघिणींची, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नव्हतं. जाड पाइप लावले होते. एका जोडातून पाण्याची बारीक धार गळत होती आणि एक कुत्रं तिथं उभं राहून पीत होतं. आप्पांनी काठी टेकत त्या वाघिणी मोजायला घेतल्या, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

"फोन लाव," ते म्हणाले.

"कुणाला?"

"अक्काला."

अक्का देगलूरला, नव्वदीला टेकलेली, कान पार गेलेले, टीव्हीशी संबंध नाही. नातवानं फोन तिच्या कानाला लावला. मी आवाज मोठा करून फोन आप्पांच्या तोंडापाशी धरला. आप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडले की कठड्याला टेकलेली सगळी माणसं वळून बघायला लागली. त्यांना त्यात नवीन काहीच नव्हतं, ती रोजच बघत होती.

"अक्का! ऐकू येतंय का? लातूरला पाणी आलंय! रेल्वेत बसून!"

पलीकडं नातवानं बहुतेक पुन्हा सांगितलं. मग फोनमधून तो चिरका, म्हातारा, रागावलेला आवाज आला. "सुळ्ळ!" अक्का म्हणाली. "पूरा सुळ्ळ! म्हातारा झालास, सुधर आता!"

आप्पांनी मान मागं टाकली आणि हसायला लागले. खांदे हलायला लागले, काठी हातातून पडली, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. मी काठी उचलून दिली. ती त्यांनी घेतली, डोळे धोतराच्या सोग्यानं पुसले आणि पुन्हा फोनवर वाकले.

"अक्का," ते म्हणाले, "ठिऊ नको. अजून एक सांगतो."